बोल हरवलेले बोलपट

दूरचित्रवाणी संचाचा आवाज होम थिएटरच्या रिसीव्हरमधून कसा ऐकावा, हा प्रश्न साहित्यविषयक लेखनात उपस्थित करणे काही वाचकांना औचित्यभंग वाटेल. तारा जोडणे हे तंत्रज्ञाचे काम आणि संहितेचा अर्थ लावणे हे समीक्षकाचे, अशी वाटणी आपल्याकडे फार पूर्वीच ठरून गेली आहे. आम्हाला ही वाटणीच मान्य नाही. जी संहिता कानावाटे पोचते, ती ऐकू आल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. आणि आज आपल्या कितीतरी घरांत व वर्गांत ती धड ऐकू येत नाही. पाने फाटलेल्या पुस्तकावर परीक्षण लिहिणाऱ्याला आपण हसू. अर्धे संवाद निसटलेल्या चित्रपटावर मात्र आपण बिनदिक्कत शोधनिबंध वाचतो.

आधी शब्दांकडे पाहू. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. या नव्या प्रकाराला मराठीने नाव दिले ते ‘बोलपट’. ध्वनिपट हा शब्दही घडवता आला असता; परंतु पडद्यावरची माणसे आता बोलू लागली, ही गोष्ट लोकांना महत्त्वाची वाटली आणि तीच नावात उतरली. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा नावातला बोल गेला आणि दर्शन तेवढे राहिले. आज दुकानात गिऱ्हाईक विचारते ते किती इंची पडदा, हे. त्या पडद्यामागे आवाजाची सोय काय आहे, हे विचारणारा विरळा. संच जसजसे पातळ झाले तसतसे त्यांतले स्पीकर लहान होत गेले आणि बहुधा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसवले गेले. बोलणारा माणूस आपल्याकडे पाठ करून बोलू लागला तर आपण त्याला उद्धट म्हणू. येथे मात्र आपण ते चित्राच्या सुबकतेपायी खपवून घेतो.

शिंदखेडा तालुक्यातल्या नरडाण्याचा विचार करा. हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. शेजारी औद्योगिक वसाहत. मालमोटारी आणि मालगाड्या यांचा आवाज अशा गावाच्या पाचवीला पुजलेला असतो. त्यात खान्देशचा उन्हाळा. चैत्र-वैशाखात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि घराघरांत कूलर घरघरू लागतात. जुन्या धाब्याच्या घरांत मातीची जाड भिंत व मातीचे छत आवाज पिऊन टाकत असे. आता स्लॅब आणि गुळगुळीत फरशी आली, तिच्यावरून प्रत्येक शब्द आपटून परत येतो. अशा खोलीत पाठमोऱ्या स्पीकरमधला संवाद कूलरच्या घरघरीखाली दबतो. मग कोणी रिमोटने आवाज वाढवतो; त्यासरशी पार्श्वसंगीत आणि जाहिराती अंगावर येतात, शब्द मात्र होते तेथेच राहतात. घरातली म्हातारी माणसे “काय बोलना तो?” असे दोनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा विचारायचे सोडून देतात. आमच्या मते या प्रश्नातली खरी हानी ती आहे.

यावर बाजाराने दिलेले उत्तर म्हणजे होम थिएटर. त्याची जाहिरात कशाची होते पाहा: स्फोटाची, घोड्यांच्या टापांची, छाती हादरवणाऱ्या वूफरची. खेडोपाडी तर या साऱ्या संचालाच वूफर म्हणतात, म्हणजे सहा स्पीकरांतल्या ज्या एकातून मानवी शब्द जवळजवळ येतच नाही, त्याचेच नाव सगळ्यांना मिळाले. डॉल्बी या शब्दाचेही मराठीत असेच झाले. रे डॉल्बी यांनी १९६५ साली स्थापलेल्या संस्थेची ख्याती सुरुवातीला झाली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. ज्याने गोंगाट काढला त्याचे नाव आपण मिरवणुकीतल्या गोंगाटाला दिले.

आता जोडणी. घोटाळा साधा असतो, परंतु तो कोणी समजावून सांगत नाही. रिसीव्हरमधून टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय केबल मुख्यतः चित्र घेऊन जाते; टीव्हीतच उगम पावणारा आवाज, म्हणजे संचातल्या ॲपचा किंवा थेट संचाला जोडलेल्या सेटटॉप बॉक्सचा, त्या वाटेने आपोआप उलट येत नाही. तो परत यावा म्हणून २००९ साली एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत एआरसी ही सोय आली व २०१७ सालच्या २.१ आवृत्तीत तिचे सुधारलेले रूप, ईएआरसी. केबल दोन्ही बाजूंना एआरसी असे लिहिलेल्याच पोर्टमध्ये हवी, दोन्ही यंत्रांच्या मेनूत सीईसी व एआरसी चालू हवे, आणि टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये आतल्या स्पीकरऐवजी बाहेरचा रिसीव्हर निवडलेला हवा. ही सोय नसेल तर ऑप्टिकल केबल आहे. दोन वाहिन्यांचा साधा पीसीएम आवाज किंवा डॉल्बीचा संक्षेपित ५.१ आवाज ती नेते. रिसीव्हर जुना असेल तर टीव्हीच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून किंवा हेडफोनच्या छिद्रातूनही काम भागते. सेटटॉप बॉक्स सरळ रिसीव्हरला जोडणे हा आणखी एक मार्ग.

येथवर तंत्रज्ञ येतो, आवाज मोठा झाला हे दाखवतो आणि जातो. आमची तक्रार यापुढे सुरू होते. ५.१ ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरला दिलेले असतात. तो स्पीकर जोडलाच नाही, आणि तो आहे अशी रिसीव्हरची समजूत मात्र कायम राहिली, तर पाऊस, घोडे, सनई सगळे ऐकू येते. माणसे तेवढी मुकी होतात. खरे तर रिसीव्हरच्या मेनूत सेंटर स्पीकर नाही असे सांगितले की तोच संवाद डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटला जातो. आवाजातील चढउतार आटोक्यात ठेवणारी रात्रीची सोय असते, ओठ आणि शब्द यांचा मेळ घालणारी सोयही असते. या सगळ्या गोष्टी पाच मिनिटांच्या आहेत. त्या होत नाहीत, कारण शब्द ऐकू आला पाहिजे अशी मागणीच कोणी करत नाही.

आता भाषेच्या अभ्यासकांनी कान द्यावा. स्वरांचा जोर खालच्या कंप्रतांत असतो. व्यंजने ओळखू येतात ती बरीचशी वरच्या, सुमारे २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या क्षीण ध्वनींवरून. म्हातारपणी ऐकण्याची शक्ती आधी ओसरते ती याच पट्ट्यात, आणि वूफरचा धुमधडाका आधी झाकतो तोही याच क्षीण ध्वनींना. मराठीत ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, हा भेद लिपीला दाखवता येत नाही. तो केवळ ज-च्या तालव्य व दंततालव्य उच्चारात आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, हेही कानच सांगतो. अहिराणीत तर ओळखीच्या खुणा अशा बारीक जागीच आहेत: ‘मला’चे ‘माले’, ‘तुझा’चे ‘तुना’, ‘डोळा’चा ‘डोया’. हे प्रत्यय आणि ही व्यंजने गेली की उरतो तो एक सरसकट ग्रामीण हेल, आणि त्यालाच बोली समजून आपण कौतुक करतो. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशीची मराठीहून वेगळी नोंद केली. २०११ च्या जनगणनेतही खान्देशी बोलणारे १८ लाखांहून अधिक नोंदले गेले. एवढ्या लोकांचे बोलणे कधी पडद्यावर आलेच, तर ते निदान त्यांना तरी ऐकू यावे, ही मागणी फार मोठी आहे काय?

खान्देशने तर कानाचा अपमान मुळीच करू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांनी रचले, म्हटले; दुसऱ्यांनी ऐकले आणि उतरवून घेतले. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ छापून आली, तेव्हा त्या पुस्तकाच्या मागे कोणाचे तरी नीट ऐकणे उभे होते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव मिळाले. परंतु मराठीच्या वर्गांत माध्यमांतराचा अभ्यास कसा होतो? कादंबरीवरचा चित्रपट प्रोजेक्टरवर भिंतभर मोठा दाखवायचा आणि आवाज लॅपटॉपच्या पोटातून काढायचा. मागच्या बाकांवर चित्र पोचते, संवाद पोचत नाही. नंतर प्रश्नपत्रिकेत विचारायचे, ‘संवादांतून व्यक्त होणारे पात्रांचे स्वभाव स्पष्ट करा.’ या कक्षाला आपण दृक्श्राव्य म्हणतो. काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे भेद शिकवणारेच त्यातले श्राव्य वाऱ्यावर सोडतात, याला काय म्हणावे?

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला असा की ही श्रीमंतांची चैन आहे. नाही. आम्ही छाती हादरवणाऱ्या संचाची वकिली करत नाही. बहुतेक मालिकांसाठी श्रोत्याकडे तोंड केलेले दोन साधे स्पीकर आणि एक केबल पुरते. चैन आहे ती दहा इंच वाढीव पडद्याची, जिच्यासाठी कर्जाचे हप्ते भरले जातात. दुसरा आक्षेप, खाली उपशीर्षके असतातच की! ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न राहू द्या. वाचता येणाऱ्याच्याही हाती त्यातून लागतो तो प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत धुऊन काढलेला आशय. ‘माले’च्या जागी ‘मला’ वाचून अहिराणी कळत नाही. तिसरा आक्षेप, मालिकांत ऐकण्याजोगे असते तरी काय? असेलही हे खरे. परंतु हा निर्णय ऐकून झाल्यावर द्यायचा असतो. न ऐकता दिलेल्या निर्णयाला समीक्षा म्हणत नाहीत.

तेव्हा आमचे म्हणणे असे. घरी वा महाविद्यालयात जोडणी करून द्यायला माणूस येईल, तेव्हा त्याला स्फोटाचे दृश्य लावू देऊ नका. दोन माणसे हळू बोलत आहेत असा प्रसंग लावा, कूलर किंवा पंखा चालू ठेवा, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला किंवा शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला विचारा, काय ऐकलेत ते सांगा. त्यांनी वाक्य जसेच्या तसे, प्रत्ययांसकट सांगितले तर काम झाले असे समजा. नाही सांगता आले तर पैसे देण्याआधी मेनू पुन्हा उघडायला लावा. आणि चित्रपटावर, मालिकेवर लिहिणाऱ्या आमच्या मित्रांनो, लेखणी उचलण्याआधी हीच परीक्षा स्वतःच्या संचाची घ्या.