ग्राउटचा हिशेब आणि मिस्त्रींचा एतबार

गोंदियात आम्ही कापड विकतो, फरशी नाही. तरीही दुकानात टाइल्स बसवताना जे अनुभवले ते आपल्या मिस्त्री बांधवांपुढे मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते.

दुकान ४०० चौरस फुटांचे. टाइल मोरबीची, दोन बाय दोनची, सांधा ३ मिलिमीटरचा. मिस्त्रींनी ग्राउटची एक किलोची १२ पाकिटे लिहून दिली. काम संपले तेव्हा ६ उरली आणि विकणाऱ्याने ती परत घेतली नाहीत. घरात कुजबूज झाली की यात मिस्त्रींचे कमिशन असणार. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले. नंतर हिशेब केला तेव्हा शरम वाटली. माणूस इमानदार होता, माप जुने होते. एक बाय एकच्या टाइलला एवढ्या जागेत १२ पाकिटेच लागतात. टाइल दोन फुटांची झाली, सांधे निम्मे झाले, तोंडचा आकडा मात्र तोच राहिला.

शिंपी पन्हा विचारल्याशिवाय कापड किती ते सांगत नाही. ३६ इंची पन्ह्याला एक माप, ५८ इंचीला दुसरे. मग टाइलचा आकार न विचारता ग्राउट कसे सांगता येईल?

हिशेब कठीण नाही. सारी मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. टाइलच्या लांबी-रुंदीच्या बेरजेला त्यांच्याच गुणाकाराने भागावे, मग सांध्याची रुंदी आणि खोली यांनी गुणावे. सिमेंटच्या ग्राउटसाठी आलेल्या आकड्याला साधारण १.६ ने गुणले की एका चौरस मीटरला लागणारे किलो निघतात. आमची टाइल ६०० बाय ६००, जाडी ९. उत्तर आले ०.१४४ किलो. ४०० चौरस फूट म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. नुकसानीचे दहा टक्के धरून ६ किलो. हीच जागा चार इंची टाइलने भरली तर ३५ किलो लागेल! इपॉक्सीचे वजन वेगळे, त्यासाठी डब्यावरचा तक्ता पाहावा.

कमी पडणे तर जास्त वाईट. देवरी किंवा सालेकशाच्या कामावर दोन पाकिटे कमी पडली की गोंदियाची फेरी, मजुरांचा खाडा, आणि वर लॉट बदललेला. एकाच नंबरची दोन थाने शेजारी ठेवली तर रंगातला फरक गिऱ्हाईक लगेच पकडते, हे आम्हा कापडवाल्यांना शिकवावे लागत नाही. ग्राउटचेही तेच. म्हणून सारी पाकिटे एका लॉटची घ्यावीत.

आणखी एक गोष्ट. हा हिशेब सांधा तळापर्यंत रिकामा असेल तरच जुळतो. खालचे सिमेंट वर येऊन सांध्यात सुकले तर ग्राउट फार उरते, पण वरचा पातळ थर लवकर उखडतो आणि पावसाळ्यात पाणी आत शिरते. सिमेंट ओले असतानाच सांधे साफ करावेत.

आमचे म्हणणे एवढेच, की मिस्त्रींनी एस्टिमेटच्या कागदावर पाकिटांच्या आकड्याशेजारी टाइलचे माप, जाडी आणि सांध्याची रुंदीही लिहावी. आमच्या मिस्त्रींनी ती लिहिली असती तर त्यांच्यावर शक घेण्याची वेळ आली नसती. दुसऱ्या मजल्याचे काम आम्ही त्यांनाच दिले आहे.