दुसरी प्रत, दुसरी किल्ली

क्लाउड आर्किटेक्चरच्या बैठकीत पडद्यावर येणाऱ्या नकाशात सगळं दुहेरी असतं. दोन झोन, दोन डेटाबेस, त्यांना जोडणारे बाण. नकाशा पाहून कुणीतरी म्हणतं, "म्हणजे आता काही जायचा प्रश्नच नाही," आणि चर्चा मासिक बिलाकडे वळते. माझा विरोध या वाक्याला आहे. पैसे मोजून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सगळं दुहेरी करूनही होतं नव्हतं ते एका हुकमात जाऊ शकतं. तसं झालेलं आहे.

आधी पूर्वपक्ष, कारण तो कच्चा नाही. क्लाउड कंपन्यांकडे जी माणसं, जी वीज, जी यंत्रं आहेत, ती एखाद्या पतसंस्थेला किंवा मध्यम कारखान्याला स्वतःच्या इमारतीत उभी करता येणार नाहीत. ॲमेझॉनने 2006 मध्ये सुरू केलेली एस-थ्री ही साठवण सेवा 99.999999999 टक्के टिकाऊपणासाठी बांधल्याचं सांगते. तेव्हा तिथे जा, दोन झोनमध्ये पसरा, आपलं काम झालं, असं हा पक्ष म्हणतो. यातलं पहिलं मला मान्य आहे. दुसरं, म्हणजे 'काम झालं' हे, साफ चूक आहे. तो अकरा अंकी आकडा डिस्क खराब होण्याबद्दलचा आहे. तुमच्याच खात्यातून, तुमच्याच अधिकाराने आलेला 'डिलीट'चा हुकूम त्यात धरलेला नाही.

मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं काय झालं ते पाहा. सहा लाखांहून अधिक सदस्य, गुगल क्लाउडवर खासगी यंत्रणा आणि तीही दोन जागी. ती उभारताना गुगलच्या एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ त्या साधनाने 'मुदत एक वर्ष' असा धरला. वर्ष संपलं आणि यंत्रणा आपोआप पुसली गेली, दोन्ही जागी. ग्राहकाने काढायला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे आगाऊ सूचनाही गेली नाही. सदस्यांना आठवडाभर आपलं खातं पाहता आलं नाही. नोंदी वाचल्या, त्या या यंत्रणेच्या बाहेर, त्यातही दुसऱ्या एका पुरवठादाराकडे, बॅकअप ठेवलेले होते म्हणून. आग किंवा वीज जाणं यांपासून वाचवणाऱ्या दुहेरीपणाचा इथे काडीचाही उपयोग झाला नाही.

याचं कारण साधं आहे. दोन डेटाबेस जेव्हा एकमेकांशी सतत जुळवले जातात, तेव्हा एकीकडची चूकही काही क्षणांत दुसरीकडे पोचते. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून पुसली जाते. जोडीचा डेटाबेस सेवा चालू ठेवतो, पण कालचा डेटा परत देत नाही. तो परत देणारा बॅकअप वेगळा ठेवावा लागतो, आणि नकाशावर तो बहुधा कोपऱ्यात एका छोट्या चौकोनात असतो.

त्या चौकोनात काय असू शकतं, हे गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने जगाला दाखवलं. 31 जानेवारी 2017 ची रात्र. मुख्य डेटाबेसवर ताण आलेला, दुय्यम मागे पडलेला. दुय्यमावरचा डेटा पुसून जुळवणी नव्याने करायची म्हणून एका इंजिनिअरने फोल्डर काढायचा हुकूम दिला, पण तो मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप शोधायला गेले, तर एस-थ्रीमधली जागा रिकामी. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन 9.2 चं, त्यामुळे बॅकअप रोज अपयशी होत होता. अपयश कळवणाऱ्या ईमेलही सुटत होत्या, पण सही नसल्यामुळे मेल सर्व्हर त्या नाकारत होता. वाचवलं ते सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. गिटलॅबचं मी मनापासून कौतुक करतो, कारण हे सगळं त्यांनी स्वतःहून तपशीलवार लिहून जाहीर केलं. बॅकअपच्या अनेक पद्धती कागदावर असतानाही वेळेला त्या कामी आल्या नाहीत, कारण रिस्टोअर करून पाहणं हे नेमून दिलेलं कुणाचंच काम नव्हतं.

आणि बॅकअप उत्तम असूनही तो त्याच खात्यात असेल तर? कोड स्पेसेस ही कोड साठवून देणारी कंपनी होती. जून 2014 मध्ये हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉन खात्याच्या कंट्रोल पॅनेलचा ताबा मिळवला आणि खंडणी मागितली. कंपनीने खातं परत ताब्यात घ्यायचा प्रयत्न करताच त्याने सर्व्हर, डिस्क, स्नॅपशॉट, बॅकअप असं जे हाताला लागेल ते पुसलं. कंपनी बंद झाली. प्रत दुसरी होती, किल्ली मात्र एकच होती.

"एवढं सगळं वेगळं ठेवायचं तर खर्च केवढा!" हा आक्षेप मी अनेक तोंडांतून ऐकतो. दक्षिण कोरियाच्या सरकारने जी-ड्राइव्ह या आपल्या फायलींच्या साठ्याबद्दल सांगितलेलं कारण याच जातीचं होतं: साठा इतका मोठा आहे की त्याचा बाहेर बॅकअप ठेवणं जमत नाही. 26 सप्टेंबर 2025 रोजी देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली, 709 सरकारी यंत्रणा थांबल्या आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली असलेला 858 टेराबाइटचा तो साठा जळाला. तो भाड्याचा क्लाउड नव्हता, सरकारची स्वतःची इमारत होती. तेव्हा 'आपला सर्व्हर आपल्या ताब्यात बरा' म्हणणाऱ्यांनीही यात समाधान मानू नये.

दुसरा एक पक्ष सांगतो की ॲप्लिकेशन जितकं बारीक तोडाल तितकं ते मजबूत. हेही तपासून घ्यावं. एकाच मागणीला पाच सेवांची साखळी लागत असेल आणि प्रत्येक सेवा 99.9 टक्के वेळ चालू असेल, तर सगळी साखळी 99.5 टक्केच चालते. वर्षाला पावणेनऊ तासांची बंदी जवळपास 44 तासांवर जाते. प्राइम व्हिडिओच्या एका गटाने, 2023 मध्ये जाहीर केल्याप्रमाणे, प्रसारणाचा दर्जा तपासणारी आपली तुकड्यातुकड्यांची यंत्रणा एका प्रोसेसमध्ये आणली आणि तिचा खर्च 90 टक्क्यांहून अधिक उतरला. माझ्या मुद्द्यासाठी मात्र याहून महत्त्वाचं वेगळंच आहे. तीस सेवांचे तीस डेटाबेस असतील, तर संकटानंतर ते सगळे एकाच क्षणाला आणून कोण उभे करणार? ऑर्डर 10 वाजताची आणि पेमेंट 9 वाजताचं, असा डेटा परत आला तर तो हिशेबाला निरुपयोगी. ज्याला स्वतंत्र वाढ, स्वतंत्र टीम खरोखर लागते त्याने जरूर तोडावं. वीस माणसांच्या कंपनीने नेटफ्लिक्सचा नकाशा उचलू नये.

मग दोन क्लाउडवर सगळं चालवावं का? बहुतेकांनी नाही. दोन प्रकारची नेटवर्क, दोन प्रकारचे परवाने, दोन्हीकडचं कौशल्य सांभाळताना चुकाच वाढतात. युनिसुपरचा व्यवहार काही दोन कंपन्यांवर चालत नव्हता, बाहेर होती ती फक्त प्रत.

माझा पक्ष एवढाच आहे. प्रत वेगळ्या खात्यात, जमल्यास वेगळ्या पुरवठादाराकडे. त्या खात्याचा अधिकार रोजची यंत्रणा चालवणाऱ्या माणसाकडे किंवा प्रोग्रॅमकडे नसावा. मुदत संपेपर्यंत कुणालाच पुसता येणार नाही अशी सोय, उदाहरणार्थ एस-थ्रीचं ऑब्जेक्ट लॉक, आज सहज मिळते. दर तिमाहीला त्या प्रतीतून कोऱ्या जागी सगळी यंत्रणा उभी करून घड्याळ लावून पाहावं. लागलेला वेळ व्यवसायाला परवडतो का, हे मालकाने ठरवावं, इंजिनिअरने नाही. डेटा देशाबाहेर न्यावा लागेल ही सबबही आता उरलेली नाही. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा असं रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये सांगितलं, ते पाळूनही हे जमतं. ॲमेझॉनचं मुंबई रीजन 2016 पासून आहे आणि हैदराबादचं 2022 पासून. मायक्रोसॉफ्ट तर 2015 पासून पुण्यात आहे.

झोन, लोड बॅलन्सर, आपोआप वाढणारे सर्व्हर हे सगळं हवंच, पण त्यानंतर. तुमच्यासमोर पुढचा नकाशा येईल तेव्हा आर्किटेक्टला तीन गोष्टी विचारा: शेवटचं रिस्टोअर कधी केलं, त्याला किती तास लागले, आणि ती प्रत कोण कोण पुसू शकतं. तारीख, तास आणि नावं मिळाल्याशिवाय सही करू नका.