हेलिकॉप्टर वाचवते ते पायांचे कष्ट



अक्षय तृतीयेच्या सुमारास चारधाम यात्रा सुरू होते आणि नाशिकमधील माझ्या दवाखान्यात एक ठरावीक वाक्य कानी पडू लागते : “डॉक्टर, आम्हांला चढायचे नाही, हेलिकॉप्टरने जाणार आहोत. तेवढे प्रमाणपत्र द्या.” काही वर्षांपूर्वी हे म्हणणे मलाही पटले होते. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या एका बाईंच्या कागदावर मी दोन मिनिटांत सही केली. सकाळी केदारनाथला जाऊन दुपारी परतायचे, असा त्यांचा बेत होता.

दर्शन झाले; पण दुपारी ढग उतरले आणि उड्डाणे थांबली. रात्र वरच काढावी लागली. डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या. यजमानांनी पित्त समजून पित्ताची गोळी दिली. पहाटे बाईंना बसल्या जागी धाप लागत होती. वैद्यकीय पथकाने प्राणवायू लावला आणि हवा उघडताच त्यांना खाली आणले. त्या बऱ्या झाल्या. मला मात्र माझ्या सहीचा विचार करणे भाग पडले.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, तर केदारनाथ ३,५८३ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तेथेही हवेत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते; परंतु हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जेमतेम दोन-तृतीयांश असतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वास खोल व जलद होतो, नाडी वाढते आणि मूत्रपिंडे रक्तातील आम्लाचा तोल नव्याने सांभाळू लागतात. या जुळवणीला काही दिवस लागतात. गौरीकुंडाहून पायी जाणाऱ्यालाही तेवढा अवधी मिळत नाही. फाट्याहून उडालेले हेलिकॉप्टर तर दहा मिनिटांच्या आत वर पोहोचवते. खाली मंदाकिनीची दरी आणि समोर हिमशिखरे पाहून मन हरखते. शरीर मात्र अजून खालच्याच हवेत असते.

उंचीचा त्रास बहुधा पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी जाणवू लागतो. म्हणूनच दर्शनाच्या वेळी ‘काहीच झाले नाही’ असे वाटते आणि मुक्कामाची रात्र अवघड जाते. वर असताना डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा आला, तर ते पित्त नव्हे, उंचीचा त्रास आहे, असेच प्रथम धरावे. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी प्राणवायू द्यावा आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरवावे. सोबतच्या छोट्या डब्यातील प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. त्यावर विसंबून उतरणे लांबवू नये.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी तपासणी करून घ्यावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असणे, थोड्या श्रमाने छातीत दुखणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फुप्फुसांचा जुना विकार, तीव्र रक्तक्षय यांपैकी काही असल्यास हेलिकॉप्टरनेही जाऊ नये. उंचीच्या त्रासासाठी दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून घेऊ नये. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ती घातक ठरू शकते. वर मद्य आणि झोपेची गोळी टाळावी. पावले सावकाश टाकावीत. नेहमीची औषधे, इन्सुलिन व उबदार कपडे त्याच दिवशी परतायचे असले तरी जवळ बाळगावेत. इन्सुलिन गोठू नये म्हणून अंगालगत ठेवावे.

प्रवासात एखादा दिवस मोकळा ठेवावा. ऑक्टोबर २०२२ आणि जून २०२५ मध्ये केदारनाथ परिसरात हेलिकॉप्टर कोसळून प्रत्येकी सात जणांचे प्राण गेले. दोन्ही वेळी हवामान प्रतिकूल होते. परतीचे रेल्वे आरक्षण चुकेल म्हणून उड्डाणाचा आग्रह धरणे कोणाच्याच हिताचे नाही.

आता माझ्याकडे कोणी प्रमाणपत्रासाठी आले, की तपासणीनंतर मी एकच प्रश्न विचारतो : “दुपारी ढग उतरले आणि रात्र वर काढावी लागली, तर?” आपल्या घरातील ज्येष्ठांची तिकिटे काढण्यापूर्वी हा प्रश्न आपणही विचारावा. उत्तर समाधानकारक असेल, तर अवश्य जावे. नसेल, तर ज्योतिर्लिंगाचे दर्शन आपल्या त्र्यंबकेश्वरीही घडतेच.