वार्षिकांकाचा कॅमेरा
शाळेच्या वार्षिकांकासाठी कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलच्या आकड्याला दिले जाणारे महत्त्व बहुतांशी अनाठायी असते, कारण ए-४ आकाराचे पूर्ण पान इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या प्रचलित घनतेने छापण्यास सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात आणि दहा वर्षे वापरलेला डीएसएलआरही सहसा त्याहून अधिक देतो. खरी अडचण प्रकाशाची असते: स्नेहसंमेलनाच्या अंधुक सभागृहात, कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटर झूम लेन्सचे छिद्र लांबच्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते (हा अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, म्हणून तो जितका लहान तितका प्रकाश अधिक), तर ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही झूम नसलेली, तुलनेने स्वस्त लेन्स त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते आणि नाचणारी मुले पुसट न होता टिपता येतात. मात्र एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीहून लहान, संवेदकावर तिचा आवाका ७५-८० मिलिमीटर लेन्सइतका अरुंद होतो. वर्गाच्या सामूहिक छायाचित्राला तीच हिणवलेली झूम लेन्स बरी. निकॉन डी३५०० सारख्या प्राथमिक मॉडेलांत फोकस फिरवणारी मोटर नसल्याने जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हातानेच जुळवावा लागतो, आणि धावण्याच्या शर्यतीत तेवढी उसंत कोणाला नसते.