आधी कुंडीकडे बघा, मग पावडरीकडे

पाऊस लागला की पालघर-बोईसरच्या रोपवाटिकांत गर्दी होते आणि रोपांबरोबर मुळ्या फुटायच्या पावडरीची डबीही पिशवीत पडते. डबी जरूर घ्या, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका. आपल्याकडे लावलेल्या फांद्या मरतात त्या बहुतेकदा बुडाशी पाणी साचून कुजल्यामुळे. कुजणाऱ्या फांदीला कुठलीही पावडर वाचवत नाही.

डबीत बहुधा आयबीए हे संजीवक असते. त्याने छाटकलमांना मुळ्या फुटतात हे अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी १९३५ साली दाखवले. तगर, क्रोटन, ड्युरांटा, अ‍ॅकॅलिफा यांना त्याची फारशी गरज नसते. बोगनवेल, एक्झोरा, संकरित जास्वंद अशा हट्टी झाडांना मात्र त्याचा उपयोग होतो. घेताना डबीवरचा आकडा वाचा. ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम, ते कोवळ्या फांदीला पुरते. अर्धवट जून फांदीला ०.२ ते ०.३ टक्के लागते. जास्त लावले तर जास्त मुळ्या येतील हा हिशेब चुकीचा आहे. बूड काळे पडते आणि डोळे फुटत नाहीत.

आता माध्यम. केळवे, शिरगाव, चिंचणीच्या किनाऱ्यावरून वाळू भरून आणू नका. ती खारट असते आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणे योग्यही नाही. धुतलेली जाड रेती आणि कोकोपीट निम्मे-निम्मे घ्या. कोकोपीटमध्येही क्षार असतात, म्हणून ते गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळा. आपला भाग भाताचा. गिरणीतला तूस भाजून, धुऊन कोकोपीटमध्ये मिसळला तर रेतीचे काम स्वस्तात होते. शेणखत आत्ता नको. खायला मुळ्याच नाहीत, उलट बुरशीला निमंत्रण. मिश्रण मुठीत दाबले की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर ते फार ओले आहे.

फांदी सकाळी कापा. पेन्सिलीएवढी जाड, बारा-पंधरा सेंटिमीटर लांब, खालचा काप पेराच्या लगेच खाली. फुले-कळ्या काढा, खालची पाने काढा, वरची दोन-तीन ठेवून मोठी असतील तर निम्मी कापा. कण्हेरीचा चीक विषारी आहे, हात धुवा. थोडी पावडर कागदावर काढा, ओली फांदी थेट डबीत बुडवू नका. टोक बुडवा, टिचकी मारून जादा पावडर झाडा. आधी काडीने भोक पाडा, मग फांदी रोवा. नाहीतर पावडर वरच पुसली जाते.

जुलैत हवाच इतकी दमट असते की प्लास्टिकचे झाकण लागत नाही. ते दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात घाला. पावसाळ्यात जपायचे ते पागोळीपासून. कुंडी उजेड असलेल्या ओटीवर किंवा गॅलरीत ठेवा.

नवी पालवी दिसली म्हणून उपटून बघू नका. ती फांदीत साठलेल्या अन्नावरही फुटते. तीन ते सहा आठवड्यांनी हलकेच ओढा. फांदी अडली तर मुळ्या धरल्या.

विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याची शेती करणाऱ्यांनी मोठी लागवड करण्याआधी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पालघरच्या कृषी संशोधन केंद्रात विचारून घ्यावे. घरच्या बागेसाठी मात्र एवढे करा: एकाच झाडाच्या दहा फांद्या एकाच दिवशी, एकाच मिश्रणात लावा. पाच पावडरीसह, पाच पावडरीविना, आणि कुंड्यांवर चिठ्ठी लावा. दोन्हीकडे सारख्याच मुळ्या आल्या, तर त्या झाडासाठी पुढच्या वर्षी डबी घेऊ नका.