आमदारसाहेब, धोट्याचं काय?

कामगारांचे हक्क. योग्य मजुरी. तरुणांना कौशल्याचं प्रशिक्षण. एवढं पाठ असलं की आमदार होता येतं. पक्ष कुठलाही घ्या, झेंडा बदलतो, पाठांतर तेच. आणि टाळ्या वाजवायला आपण आहोतच. दोस्तांनो, पुढची टाळी वाजवायच्या आधी हातात एक माप घ्या. ते माप आपल्या घरात भिंतीवर हार घालून टांगलेलं आहे. खाली उतरवा.

१९२८. मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप. कामगार सारा एक, अशा घोषणा. आणि त्याच गिरण्यांत साचाखात्याच्या दारात आपल्या माणसाला मज्जाव. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. महाराची थुंकी मराठ्याच्या ओठाला लागली तर? साच्यावर पगार जास्त होता हे ध्यानात ठेवा. कताईत राब राब राबा, तिथं पगार कमी, तिथं कुणाला विटाळ नाही. बाबासाहेब तेव्हा मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना गाठून विचारलं, या दाराचं काय? तेव्हा कुठं नाइलाजानं ही मागणी यादीत आली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर आम्ही जबाबदार नाही. धोटा सगळ्यांचा, जबाबदारी कुणाचीच नाही!

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी हेच उकरून काढलं. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरातली कामंही करतो, आणि घरात आपली सावली चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू त्यांनी तिथं मोजून दाखवले. आजचे पुढारी एकच मोजतात. काही तर एकही मोजत नाहीत.

त्याच वर्षी खेर मंत्रिमंडळानं औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. आधी तडजोडीच्या चकरा मारा, तोवर संप केलात तर तुरुंग. बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार. सभागृहात कडकडून विरोध केला. बहुमतापुढं विधेयक मंजूर झालं. मग घरी गेले का? ७ नोव्हेंबर १९३८ ला ज्यांच्याशी भांडले होते त्याच कम्युनिस्टांबरोबर एका दिवसाचा संप पुकारला. पोलिसांचा गोळीबार झाला, तरी मागं हटले नाहीत. याला म्हणतात आमदाराचा पाठिंबा.

आता आजचं बघा. २९ कामगार कायदे मोडून चार श्रमसंहिता केल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. संपाआधी १४ दिवसांची नोटीस पूर्वी फक्त सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना लागायची, आता सरसकट सगळ्यांना. कामगारकपातीला सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगार असलेल्या कारखान्याला लागायची, आता ३०० च्या खाली कुणी विचारणार नाही. १९३८ चं भूत नवा सदरा घालून आलं. सदऱ्याला इस्त्री बरी आहे.

आणि प्रशिक्षण? १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. युद्धासाठी कारागीर घडवणारी तांत्रिक शिक्षणाची योजना त्यांच्या खात्यात होती. कामाचे तास आठवड्याला ४८ करण्याचं विधेयकही त्यांनीच मांडलं. शिकवणं, काम मिळणं, कामाचे तास, हे सगळं एकाच टेबलावर. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआयवाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. आधी सहा महिने, मग ओरड झाल्यावर आणखी पाच. पुढं नोकरीची हमी नाही. काम कचेरीतलं, पण किमान वेतनाचा कायदा लागू नाही, कारण हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी! आणि माझ्यासारखा दहावी पास? दारातच उभा. तोच साचाखात्याचा दरवाजा, फक्त पाटी बदलली.

मी बंदरात कंटेनर बांधतो, सोडतो. लोखंडी दांडे ओढून हाताला घट्टे पडलेत, कवितेचं पेन धड धरवत नाही. क्रेन शिकायची तर फी भर म्हणतात. ठेकेदार हजेरीपुस्तकात एक रक्कम लिहितो, हातावर दुसरी ठेवतो. वर क्रेनवर कोण बसतो आणि खाली कोण वाकतो हे बघायला जनगणना नको, आडनावं वाचा.

मी लोहाऱ्याचा. निजामाचा मुलूख होता, मुंबईचे कायदे आमच्या वेशीपर्यंत कधी आलेच नाहीत. पण बाबासाहेब जिल्ह्यात आले होते, कसबे तडवळ्याला, फेब्रुवारी १९४१ मध्ये, महार-मांग वतनदार परिषदेला. वतन म्हणजे काय? गावाचं काम रात्रंदिवस करायचं आणि मजुरी म्हणून शिळी भाकरी न्यायची. त्याविरुद्ध त्यांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं होतं. वतन गेलं. मुकादम आला. आता दसरा सरला की लोहाऱ्याच्या वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाच्या वहीत माझे आईबाप मिळून एक कोयता. दोन माणसं, चार हात, एक अवजार! उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याचाच. आईची मजुरी वेगळी कुणी लिहिलीय का कधी?

आमचा उमरगा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, लोहारा त्यातच येतो. राखीव जागेवरून कुणीही निवडून जावो, तारांकित प्रश्न विचारायचा हक्क त्याच्या खिशात असतो. मग विचारा. लोहारा तालुक्यातून या हंगामात किती कोयते गेले, त्यातल्या बायांची मजुरी कुणाच्या नावावर पडली? प्रशिक्षणाची अट दहावीवर कधी आणणार, आणि त्याला किमान वेतन कधी लावणार? सरकारी पैशानं क्रेन शिकलेल्यांत अनुसूचित जातीचे किती? छापील उत्तर घ्या आणि लोहाऱ्याच्या बाजारात मोठ्यानं वाचून दाखवा. प्रश्न लिहायला सवड नसेल तर आम्ही लिहून देतो. दहावी पास आहोत, अक्षर बरं आहे.