वाटेवरचे पंतोजी

आगगाडींत, बागेंत, लग्नमंडपांत किंवा दुकानाच्या पायरीवर एखाद्या अनोळखी गृहस्थानें आपल्या मुलास खडसावलें असतां आईबापांनीं काय करावें, हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. आम्हांसही तो बराच काळ तसाच वाटत असे. परंतु याच बाबतींत एकदां आमच्या हातून जें वर्तन घडलें, तें वीस वर्षें लोटलीं तरी आमच्या मनांतून जात नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या गाडींत आमचा सहा वर्षांचा मुलगा खिडकीशीं बसून घाटांतले बोगदे मोजीत होता. अंधार झाला कीं टाळी, उजेड आला कीं आंकडा, असा त्याचा क्रम. बारावा बोगदा संपला, तोंच समोरच्या बाकावरील एका सुशिक्षित दिसणाऱ्या गृहस्थांनीं हातांतलें वर्तमानपत्र खालीं करून, "गप्प बस! घरीं कांहीं शिकवतात कीं नाहीं?" असा दम भरला. मुलानें आमच्याकडे पाहिलें. आणि आम्हीं काय केलें? त्याच्या पाठींत एक धपाटा घातला! हा धपाटा मुलास सुधारण्यासाठीं नव्हता. तो त्या गृहस्थांस दाखविण्यासाठीं होता. त्याच डब्यांत पलीकडे चार पासवाले मांडीवर बॅग आडवी ठेवून पत्ते कुटीत होते आणि प्रत्येक हुकमाच्या पानागणिक आरोळी ठोकीत होते. त्यांस मात्र ते गृहस्थ एका शब्दानें बोलले नाहींत.

या वाटेवरच्या पंतोजींचें सारें मर्म येथेंच आहे. शांततेची त्यांस खरोखर चाड असती, तर तिचा आरंभ त्या चौघां दांडगटांपासून झाला असता. पण मूल उलट बोलत नाहीं आणि मुलाचा बाप बहुधा भिडस्त असतो, एवढ्या भांडवलावर हा शिस्तीचा व्यापार चालतो. शिवाय बोल मुलास आणि बाण आईबापांस, असा हा लेकी बोले सुने लागेचा प्रकार! सहा वर्षांच्या पोरानें 'घरीं काय शिकवतात' याचें उत्तर द्यावें तरी कोणतें? त्यांतही बाप शेजारीं असला तर आवाज बेताचा असतो. आई एकटी असली म्हणजे यांच्या वक्तृत्वास भरती येते, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें आहे, आणि तें अनुभवाचें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, पूर्वीं मूल साऱ्या वाड्याचें असे. कोणीही त्याचा कान धरी आणि तें आईबापांस गोडच वाटे. खरें आहे. आम्हीही अशाच वाड्यांत वाढलों. नळावरचें पाणी सांडल्याबद्दल तेथल्या एका आजींनीं आमचा कान असा पिरगाळला कीं तो अद्याप आठवतो. पण आम्ही गोवरानें पडलों असतां रात्री रात्री उशाशीं बसून राहिल्या, त्याही याच आजी. रागें भरण्याचा हक्क त्यांनीं जागून मिळविला होता. आमच्या सहप्रवाशांनीं तो लोणावळ्याची चिक्की एकट्यानें खाऊन मिळविला म्हणावें काय?

मग यांस हा अधिकार देतो कोण? आपणच. "मस्ती करूं नकोस, ते काका रागावतील हं!" असें आपण कितीदां म्हणतों! ज्याचें नांवगांव ठाऊक नाहीं त्यास एका शब्दांत घरचा वडील करून ठेवावयाचें, आणि मग त्यानें वडीलकी गाजविली म्हणून कुरकुरावयाचें, हा न्याय कोठला? १८६० च्या दंडसंहितेचें ८९ वें कलम (आतां तें भारतीय न्यायसंहितेंत २७ वें झालें आहे) बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठीं सद्भावनेनें केलेल्या कृत्यास जें संरक्षण देतें, तें पालकास किंवा पालकाच्या संमतीनें वागणाऱ्यास देतें. आणि ती संमति उघड नसून गर्भित असली तरी चालते. हें कलम गाडींतल्या दटावणीसाठीं केलेलें नाहीं, हें आम्ही जाणतों. पण त्यांतील 'गर्भित' हा शब्द आम्हांस टोंचतो. आमचें त्या दिवशींचें मौन दुसरें काय होतें? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मुलास मारण्याची व त्याचा मानसिक छळ करण्याची मनाई केली. ज्याचा शिकविणें हाच धंदा, त्याचे हात बांधले गेले. आणि वाटसरूस मात्र आमच्या भिडेनें मोकळें रान!

मुलांनीं वाटेल तें करावें, असें आमचें म्हणणें नाहीं. गाडीच्या दाराशीं लोंबकळणाऱ्या पोरास जो परका ओरडून मागें खेंचतो, त्याचे पाय धरावे. मूल पाठीमागून बाकास लाथा मारीत असेल, तर बसणाऱ्यानें तक्रार जरूर करावी; पण ती आम्हांपाशीं. अशा वेळीं बापानें दोघांच्या मध्यें यावें आणि शांतपणें म्हणावें, "काय झालें तें मला सांगा." चूक असल्यास क्षमा आपण मागावी, मुलास समज द्यावयाची ती मागाहून, चारचौघांत नव्हे. कित्येक बाप याच्या उलट लागलींच हमरीतुमरीवर येतात. त्यांची शौर्यकीर्ति पसरते खरी, पण तेही आमच्याच माळेंतले मणी. आम्ही आपली अब्रू धपाट्यानें राखली, ते ती आरोळीनें राखतात. मुलाकडे लक्ष कोणाचेंच नसतें.

परतीच्या प्रवासांत आम्हीं मुद्दाम मुलास खिडकीची जागा दिली. कर्जत सुटलें, पहिला बोगदा आला आणि गेला. मुलगा गप्प. शेवटीं आम्हींच "एक" म्हटलें. त्यानें समोर डुलक्या घेत बसलेल्या एका वृद्धाकडे बराच वेळ निरखून पाहिलें आणि आमच्या कानाशीं येऊन हळूच विचारलें, "बाबा, हे काका रागावणारे आहेत का?"